उन्हाळी शिबिरातला जाझ

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपली मुले मामाच्या गावाला जातात. आंबे खातात, विहिरीत पोहतात, आणि जून उजाडला की परत येतात. अमेरिकेत सुट्टीची तऱ्हा वेगळी. तिथे शाळा जूनच्या सुमाराला बंद होतात आणि ऑगस्टच्या अखेरीस, नाही तर सप्टेंबरात उघडतात. एवढ्या लांब सुट्टीत मुलांनी करायचे काय? म्हणून तिथे मुलांची शिबिरे भरतात. आपल्याकडे सेवादलाची शिबिरे भरतात, श्रमदानाची भरतात, तशीच ही. कुठे पोहायला शिकवतात, कुठे घोड्यावर बसायला, कुठे रानात तंबू ठोकून राहायला. काही शिबिरांत वाद्ये वाजवायला शिकवतात.

या धड्यात आम्ही अशा दोन शिबिरांची हकिकत सांगणार आहोत. तिथे शिकवीत ते संगीत म्हणजे जाझ.

जाझ. लिहायला दोनच अक्षरे. जा आणि झ. वाचायलाही सोपा. पण त्याचा अर्थ एका ओळीत मावत नाही. तेव्हा आधी तो आला कुठून ते पाहू.

अमेरिकेत मिसिसिपी नावाची मोठी नदी आहे. ती दक्षिणेला समुद्राला मिळते, त्याच्या जवळच न्यू ऑर्लीन्स हे बंदर आहे. आफ्रिकेतून माणसे धरून आणायची आणि गुरांसारखी विकायची, हा धंदा अमेरिकेत फार वर्षे चालला. न्यू ऑर्लीन्समध्येही हा बाजार भरे. या गुलामांची भाषा गेली, गाव गेले, नावेसुद्धा गेली. ताल मात्र कोणाला काढून घेता आला नाही. रविवारी त्या शहरातल्या एका मोकळ्या चौकात ते जमत, ढोल वाजवीत आणि नाचत. त्या चौकाला काँगो चौक म्हणतात. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. पुढे या लोकांच्या हाती पितळी वाद्ये आली. लष्करी बँडची कवायतीची चाल, देवळातली गाणी, शेतात राबताना म्हणायची गाणी आणि ब्लूज नावाची दुःखाची गाणी, हे सारे एकत्र मुरले. १९०० च्या आसपास त्यातून जे संगीत तयार झाले, ते जाझ.

लुई आर्मस्ट्राँग याच शहरातले. जन्म १९०१ चा. घरी अठराविश्वे दारिद्र्य. अकरा वर्षांचा असताना या पोराने नव्या वर्षाच्या रात्री रस्त्यात पिस्तुलाचा बार काढला. पोलिसांनी धरले आणि काळ्या मुलांच्या सुधारगृहात टाकले. त्या सुधारगृहाचा एक बँड होता. तिथल्या शिक्षकाने त्याच्या हाती कॉर्नेट दिला. कॉर्नेट म्हणजे आपल्या लग्नाच्या बँडमध्ये असते तशी छोटी तुतारीवजा पिपाणी. बाहेर आला तो वाजवणारा होऊन. पुढे सगळे जग या माणसाला ओळखू लागले. १९६४ साली ते मुंबईलाही येऊन वाजवून गेले. सुधारगृह हे काही शिबिर नव्हे. पण लहान वयात कोणी हाती वाद्य दिले तर काय होते, ते आम्हाला सांगायचे होते.

आता अडचण अशी, की जाझ शिकायला शाळा नव्हती. गावोगावच्या शाळांत बँड असत, पण तिथे कवायतीच्या चाली नाही तर युरोपातले जुने संगीत. जाझ वाजे रात्री, दारूच्या गुत्त्यांत आणि नाचघरांत. तिथे पोराटोरांना मज्जाव. बरे, संगीताच्या मोठ्या विद्यालयांत जावे, तर तिथले पंडित नाक मुरडीत. हे काय संगीत? गुत्त्यातला गोंगाट! टेक्सास राज्यातल्या एका कॉलेजाने १९४७ साली हा विषय पदवीला लावला. पण जाझ हे नाव घ्यायची छाती झाली नाही. विषयाचे नाव ठेवले ‘नाचाचा बँड’. शाळांतून असे बँड निघाले, त्यांना ‘रंगमंचाचा बँड’ म्हणू लागले. लग्न ठरवताना मुलाचा खरा धंदा झाकून ठेवावा, तसला हा प्रकार! काळ्या लोकांच्या काही शाळांत मात्र चांगले शिक्षक होते. शिकागो शहरातल्या डूसेबल शाळेत वॉल्टर डायेट म्हणून एक मास्तर होते. फार कडक. त्यांच्या हाताखालून कितीतरी नामांकित कलावंत तयार झाले. पण असे मास्तर प्रत्येक गावाला कुठून मिळणार?

इंडियाना राज्यात प्रिन्स्टन नावाचे छोटे गाव आहे. १९५० नंतरच्या वर्षांत तिथे गॅरी बर्टन नावाचा एक मुलगा शाळेत होता. जन्म १९४३ चा. सहा वर्षांचा असल्यापासून तो मरिंबा वाजवीत असे. मरिंबा म्हणजे लाकडी पट्ट्यांचे वाद्य. आपल्याकडे काष्ठतरंग असतो, त्याचा मोठा भाऊ समजा. पट्ट्यांवर छोट्या मोगऱ्यांनी आघात करायचा. पुढे तो व्हायब्राफोन वाजवू लागला. त्याच्या पट्ट्या धातूच्या असतात. खाली नळ्या असतात आणि नळ्यांच्या तोंडाशी विजेवर फिरणाऱ्या चकत्या. त्यामुळे सूर पाण्यासारखा थरथरतो.

मुलगा बहुतेक स्वतःच शिकला. रेकॉर्डी ऐकायच्या आणि तसे वाजवून पाहायचे. साथीला पेटी नाही, पियानो नाही, ठेका धरणारा नाही. मग त्याने काय करावे? इतर लोक दोन हातांत दोन मोगऱ्या धरतात. याने प्रत्येक हातात दोन, अशा चार धरल्या. म्हणजे गाणेही आपणच वाजवायचे आणि साथही आपणच द्यायची! एकटेपणातून निघालेली ही युक्ती. पुढे मोगऱ्या धरण्याच्या एका पद्धतीला त्याचेच नाव पडले, आणि आज ती जगभर शिकवतात.

पण एक गोष्ट एकट्याला शिकता येत नाही. ती म्हणजे दुसऱ्याबरोबर वाजवणे.

१९५९ साली स्टॅन केंटन नावाच्या नामांकित बँडवाल्यांनी मुलांसाठी उन्हाळी शिबिर सुरू केले. त्यांचा बँड मोठा होता, गावोगाव हिंडणारा. शिबिर भरले इंडियाना विद्यापीठात, ब्लूमिंग्टन गावी. शेजारच्या मिशिगन राज्यातही भरले. शिबिराचे नाव? अर्थातच ‘रंगमंचाच्या बँडचे शिबिर’. ते पाहून आम्हाला हसू येते. आईबापांनी पैसे भरायचे, तेव्हा नाव सोवळे हवे! शिकवायला मात्र रात्ररात्र वाजवणारे खरे कलावंत आले होते. गॅरी बर्टन शाळेत असतानाच, सोळा-सतरा वर्षांच्या वयात, या शिबिराला गेला.

अशा शिबिरात काय चालते ते सांगतो. पहिल्या दिवशी प्रत्येकाला थोडे वाजवायला लावतात. त्यावरून तुकड्या पाडतात. सकाळी मोठ्या बँडची तालीम. तिथे कागद समोर असतो, त्यावर लिहिलेले वाजवायचे. मग स्वर कसे जुळतात त्याचा तास. दुपारी चार-सहा जणांच्या लहान तुकड्या. तिथे कागद जवळजवळ नसतोच. संध्याकाळी शिक्षक वाजवतात आणि मुले ऐकतात. एक आठवडा असा जातो. झोप कमी होते आणि ओठ सुजतात.

खरी फजिती होते ती दुपारच्या लहान तुकडीत. मुलगा गावात पहिला नंबर मिळवून आलेला असतो. कागदावर टिंब दिसले की बोट बरोबर पडते. इथे मास्तर म्हणतात, “आता तुझे तू वाजव.” माझे? माझे म्हणजे काय? मुलगा बावरतो. त्याला वाटते, वाटेल ते वाजवायचे असेल. म्हणून तो भराभर सूर ओततो. डोळे मिटून, जोरात. मास्तर थांबवतात. मग त्याला कळते, की कागद नाही म्हणजे नियम नाही असे मुळीच नाही.

नियम काय ते पाहू. हा भाग थोडा लक्ष देऊन वाचा.

जाझमधला सर्वांत साधा साचा ब्लूजचा. तो बारा खणांचा असतो. आपल्या जुन्या घरांचे माप खणांत सांगतात, तसेच समजा. प्रत्येक खणात चार मात्रा. बारा चोक अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस मात्रा झाल्या की एक आवर्तन पुरे होते, आणि पुन्हा पहिल्या मात्रेवर यायचे. पेटीवर तीन-चार पट्ट्या एकदम दाबल्या की एक भरीव आवाज निघतो. त्याला स्वरमेळ म्हणू. ब्लूजमध्ये असे मुख्य तीन स्वरमेळ असतात. साध्या ब्लूजमध्ये पहिले चार खण पहिल्या मेळात. पुढचे दोन दुसऱ्या मेळात, मग दोन पुन्हा पहिल्यात. नववा खण तिसऱ्या मेळात, दहावा दुसऱ्यात, आणि शेवटचे दोन खण पहिल्यात. झाले. गाणाऱ्याचे शब्दही याच मापात बसतात. चार खणांत एक ओळ म्हणायची. पुढच्या चारांत तीच ओळ पुन्हा. शेवटच्या चारांत तिचे उत्तर. दळणाऱ्या बाया एक ओळ घोळवून घोळवून म्हणत आणि मग पुढची ओळ काढीत. ज्याने ते ऐकले आहे त्याला हे नवे वाटणार नाही.

आता हे आवर्तन चालू आहे. एक जण वाजवतो आहे, बाकीचे साथ देत आहेत. बास म्हणजे माणसाएवढ्या उंचीचे, खर्जातले तंतुवाद्य. ते वाजवणारा बोटांनी छेडीत प्रत्येक मात्रेला एक सूर देतो. जणू कोणी चालत चालला आहे. ढोलकऱ्यापुढे पितळी थाळी असते, तिच्यावर काठीने तो ठेका धरतो. पियानोवाला मधूनमधून मेळ टाकतो. वाजवणाऱ्याची दोन-चार आवर्तने झाली की दुसऱ्याची पाळी. कधी दोघे चार-चार खण वाटून घेतात. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने जवाब द्यायचा. आमच्या लावणीवाल्या फडांना हे सांगायला नको!

मात्रा कोणत्या ठासायच्या, हीही एक खुबी आहे. करून पाहा. एक, दोन, तीन, चार असे सारख्या अंतराने म्हणा. टाळी मात्र दोनवर आणि चारवर द्या. पुन्हा म्हणा. हात एककडे धावतो ना? आपल्याला समेवर टाळी द्यायची सवय आहे, म्हणून तसे होते. जाझ ऐकणारे लोक दोन आणि चारवर टाळी देतात. थोडा वेळ जमले की अंग आपोआप डुलू लागते. ते डुलणे आले नाही तर सगळे सूर बरोबर असूनही जाझ होत नाही, असे जाणकार म्हणतात.

शिबिरात पहिल्या दोन दिवसांत मुलगा एवढे शिकतो. मोजतो. बारा खणांच्या आत राहतो. पण अजून तो स्वतःलाच ऐकत असतो. दुसरा वाजवीत असताना मनात आपली पाळी घोकत बसतो. खरा फरक पडतो तो त्यानंतर. एखाद्या संध्याकाळी शिक्षक वाजवीत असतात. मुलाचे लक्ष आजवर नेहमी पुढे उभ्या असलेल्या तुतारीवाल्यावर असे. आज ते मागच्या ढोलकऱ्यावर जाते. त्याच्या ध्यानात येते, की तुतारीवाल्याने एक बोल टाकला आणि ढोलकऱ्याने तो झेलला. पोवाड्यात शाहिराचा शेवटचा शब्द झीलकरी उचलतात, अगदी तसा. मग पियानोवाला दोन खण गप्पच राहिला. तो चुकला नाही. त्याने मुद्दाम जागा दिली. इथून मुलगा निराळे ऐकू लागतो. दुसऱ्या दिवशी तो कमी सूर वाजवतो, आणि ते अधिक चांगले लागतात.

आमच्या मते जाझची गोडी लागते ती याच घटकेला. भराभर बोटे फिरवणाऱ्याचे कौतुक कोणीही करतो. गप्प राहणाऱ्याचे कौतुक करायला कान तयार व्हावा लागतो.

गॅरी बर्टनला संगीतातच जन्म काढायचा, हा निश्चय या शिबिराने पक्का केला. १९६० साली तो बॉस्टन शहरातल्या बर्कली विद्यालयात गेला. जाझ शिकवणाऱ्या मोजक्या ठिकाणांपैकी ते एक होते. पुढे तो फार मोठा कलावंत झाला. त्याच बर्कलीत त्यांनी १९७१ पासून तीस वर्षांहून अधिक काळ शिकवले. २०१३ साली त्यांनी आपले चरित्र लिहिले. त्याच्या नावाचा अर्थ आहे ‘ऐकायला शिकणे’. चार मोगऱ्यांनी एकट्याने सगळे वाजवू शकणाऱ्या माणसाने हे नाव ठेवावे, हे आम्हाला फार आवडले. केंटन यांच्या शिबिरात कीथ जॅरेट हा पियानो वाजवणारा मुलगाही शाळकरी वयात येऊन गेला. १९७१ मध्ये या दोघांची मिळून एक रेकॉर्ड निघाली.

कागद की कान, हा पेच आपल्याकडच्या वाजवणाऱ्यांनाही पडला होता. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवीत. स्वरलिपी म्हणजे सुरांची अक्षरे. ही मुले मोठी होऊन मुंबईला आली आणि बँडमध्ये शिरली. कागद वाचण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण जाझ कागदात नव्हता. १९३५ साली लिऑन ॲबी हे काळे अमेरिकी कलावंत आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आले. त्यांच्यामागून आणखी आले. त्यांना ऐकून ऐकून गोव्याची ही मंडळी तयार झाली. त्यांना शिबिर कोण देणार? आंतोनियु शाव्हियर वाझ हे त्यांच्यातलेच एक तुतारीवाले. लोक त्यांना चिक चॉकलेट म्हणत. १९५१ साली ‘अलबेला’ हा चित्रपट आला. संगीत सी. रामचंद्र यांचे, म्हणजे आपले रामचंद्र चितळकर. त्या गाण्यांत चिक चॉकलेट यांनी साथ केली आणि ते पडद्यावरही दिसले. ती गाणी आपल्या आजी-आजोबांनी ऐकली असतील, त्यांवर पायही थिरकले असतील. न्यू ऑर्लीन्सचा ताल असा आपल्या घरात आला, आणि आपल्याला पत्ताही लागला नाही.

आता दुसरे शिबिर. हे केंटन यांच्या शिबिराच्या आधीचे. मॅसॅच्युसेट्स राज्यात डोंगरांच्या कुशीत लेनॉक्स नावाचे गाव आहे. तिथे फिलिप आणि स्टेफनी बार्बर या नवराबायकोंनी एका जुन्या इस्टेटीच्या बाजूच्या इमारती विकत घेतल्या. तबेला, कोठार वगैरे. १९५० साली तिथे त्यांनी उतारूंसाठी घर उघडले आणि नाव ठेवले म्युझिक इन, म्हणजे संगीताची धर्मशाळा म्हणा. पैसे घेत, तेव्हा धर्मशाळा म्हणणे तितकेसे बरोबर नाही. पण तिथली वृत्ती धर्मशाळेचीच होती. १९५७ च्या ऑगस्टात तिथे तीन आठवड्यांची जाझची शाळा भरली. मुख्य होते पियानोवादक जॉन लुईस. शिकवायला डिझी गिलेस्पी, मॅक्स रोच, ऑस्कर पीटरसन, रे ब्राउन, मिल्ट जॅक्सन असे एकाहून एक कलावंत. विद्यार्थी त्यांच्याबरोबर राहत, त्यांच्याच पंगतीला बसत. काल ज्याची रेकॉर्ड ऐकली, तो आज समोर बसून म्हणतो, “ती जागा पुन्हा वाजव.”

आम्ही नावे घेतली हे सारे शिक्षक काळे. विद्यार्थ्यांत गोरे पुष्कळ. हे आज वाचताना काही वाटणार नाही. पण त्या काळी अमेरिकेत पुष्कळ हॉटेले काळ्या माणसाला खोली देत नसत. लेनॉक्सची शाळा संपली, आणि पुढच्याच महिन्यात, सप्टेंबर १९५७ मध्ये, आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक गावी काय झाले ते पाहा. कोर्टाने सांगितले होते, की काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवू नका. म्हणून नऊ काळी मुले गोऱ्यांच्या शाळेत जाऊ लागली. राज्याच्या गव्हर्नराने हत्यारी शिपाई उभे करून त्यांना अडवले. बाहेर जमावाने शिव्या दिल्या. शेवटी राष्ट्राध्यक्षांना लष्कर पाठवावे लागले, तेव्हा कुठे ती मुले वर्गात बसू शकली. मुलांनी वर्गात बसावे म्हणून लष्कर! आणि तिकडे लेनॉक्सच्या कोठारात, त्याच उन्हाळ्यात, गोरी पोरे काळ्या मास्तरांपुढे वाद्ये घेऊन बसली होती. वेगळ्या पाणवठ्याची गोष्ट आपल्याला कोणी समजावून द्यायला नको. त्यामुळे लेनॉक्सची पंगत केवढी मोठी होती, हे आपल्याला लवकर कळते.

१९५९ साली लेनॉक्सला एक निराळा विद्यार्थी आला. ऑर्नेट कोलमन त्याचे नाव. मूळचा टेक्सासचा, वय एकोणतीस. काळा आणि गरीब. लॉस एंजेलिसला त्याने एका मोठ्या दुकानात लिफ्ट वरखाली करायचे काम केले होते. सॅक्सोफोन हे वाद्य पितळेचे असते. याच्याकडे प्लास्टिकचे होते, कारण ते स्वस्त. शिकला होता आपले आपण. स्वरलिपीही पुस्तक पाहून स्वतःच शिकला, आणि तीत काही सुरांचा घोळ झाला होता, असे सांगतात. बरोबर डॉन चेरी हा मित्र, त्याच्याजवळ खिशात मावेल एवढी तुतारी. दोघांचा खर्च ॲटलांटिक या रेकॉर्ड कंपनीने उचलला होता.

मघाशी आम्ही बारा खण आणि तीन मेळ सांगितले. हा गडी पुष्कळदा ते मेळ धरीतच नसे. त्याचे म्हणणे, सूर नेईल तिकडे जावे आणि साथीदारांनी ऐकून बरोबर यावे. शिक्षकांत तट पडले. काहींना वाटले, याला येतच नाही, हा विद्यार्थी कसला! काहींना वाटले, हा आपल्या पुढचे वाजवतो आहे. जिमी जुफ्री हे शिक्षक स्वतः नामांकित वादक, पण याचे वाजवणे ऐकून त्यांची स्वतःची तऱ्हा बदलली. गंथर शुलर हे विद्वान शिक्षकही त्याच्या बाजूने उभे राहिले. २९ ऑगस्टला समारोपाचा कार्यक्रम झाला, त्यात ऑर्नेट वाजवला. नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट या ठिकाणी त्याला दोन आठवड्यांसाठी बोलावले. गर्दी एवढी लोटली, भांडणे एवढी झाली, की तो मुक्काम अडीच महिने चालला. कोणी टाळ्या पिटल्या, कोणी उठून गेले. ऑर्नेट कोलमन २०१५ साली वारले. आज जाझचा इतिहास त्यांच्यावाचून लिहिता येत नाही.

आम्ही त्यांचे वाजवणे ऐकले आहे. पहिल्यांदा कानाला खटकते, हे खरेच सांगितले पाहिजे. नवख्याने तिथून सुरुवात करू नये. आर्मस्ट्राँगपासून करावी. मग काउंट बेसींचा बँड, मग डिझी गिलेस्पी. कान वळला की ऑर्नेटच्या सुरात ब्लूजचे रडणे ऐकू येते. खण मोजलेले नसतात, पण दुःख तेच असते.

त्याच वर्षी लेनॉक्सला डेव्हिड बेकर नावाचा ट्रॉम्बोन वाजवणारा विद्यार्थी होता. ट्रॉम्बोन म्हणजे नळी पुढेमागे सरकवून वाजवायचे पितळी वाद्य. बेकर काळे, इंडियाना राज्यातल्या इंडियानापोलिस शहरचे. मोटारीच्या अपघातात त्यांच्या जबड्याला इजा झाली होती. ते दुखणे पुढे वाढले आणि ट्रॉम्बोन कायमचा सोडावा लागला. वाजवणाऱ्याचे तोंड गेले म्हणजे शेतकऱ्याचा बैलच गेला. पण हा माणूस खचला नाही. तिशी उलटल्यावर तो चेलो शिकू लागला. चेलो हे गजाने वाजवायचे मोठे तंतुवाद्य, पहिल्या धड्यापासून नवे. आणि ते शिकवू लागले. हिंडते कलावंत जे एकमेकांना कानात सांगत, ते त्यांनी पुस्तकांत उतरवले.

लेनॉक्सची शाळा १९६० नंतर पैशाअभावी बंद पडली. उणीपुरी चार वर्षे चालली. बेकर यांना मात्र १९६० च्या दशकातच इंडियाना विद्यापीठाने शिकवायला बोलावले. केंटन यांचे पहिले शिबिर भरले होते तेच हे विद्यापीठ. तिथे त्यांनी जाझचा विभाग उभा केला आणि कितीतरी वर्षे चालवला. २०१६ साली ते गेले. विभागाच्या नावात मात्र त्यांनी ‘रंगमंचाचा बँड’ ठेवला नाही. तिथे सरळ लिहिले होते: जाझ.